यंत्राचा पंखा आणि घराची झोंप

आमच्या बोदलकसा गांवीं रात्र लवकर होते. १९१७ सालीं बांधलेल्या तलावाच्या अंगानें वारा येतो, भोंवतालच्या रानांत एखादें घुबड बोलतें, आणि नऊ वाजतां सारें गांव निजतें. अशा शांततेंत घरांतील एखादा वीतभर पंखा घरघरूं लागला, तर तो किती मोठा वाटतो हें शहरांतील वाचकांस सांगून कळावयाचें नाहीं. गेल्या वैशाखांत आमच्या एकत्र कुटुंबांत अशाच एका पंख्यावरून जो प्रसंग ओढवला, तो आम्ही येथें सांगत आहों. त्यांत चूक आमची होती. म्हणूनच तो सांगणें आमचें कर्तव्य आहे.

आमचा पुतण्या नागपुरास शिकून घरीं परत आला. बांधावयाच्या इमारतींचीं चित्रें संगणकावर तयार करून देणें हा त्याचा व्यवसाय. त्यासाठीं लागणारा संगणक त्यानें सुटे भाग आणून स्वतःच्या हातानें जोडला. दिवसां आंखलेलीं चित्रें रात्रभर यंत्रावर सोडून द्यावीं, म्हणजे सकाळीं तीं रंग-छायेसह पूर्ण होतात, असा त्याचा क्रम. परंतु त्या खोलीच्या पलीकडे, एका पातळ भिंतीआड, आमच्या थोरल्या वहिनी निजतात. त्यांचें वय पंचाहत्तरांच्या पुढें; हृदयाच्या दुखण्यांतून नुकत्याच उठलेल्या. झोंप मोडूं नये, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि पंधरा दिवस त्यांच्या डोळ्यास डोळा लागला नव्हता.

आम्हीं वडीलकीच्या तोऱ्यांत सांगितलें, “तो पंखा काढून टाक. माणसापेक्षां यंत्र मोठें नाहीं.” मुलगा इतकेंच म्हणाला, “काका, पंखा काढला तर यंत्र थांबेल.” आम्हांस तें उद्धट उत्तर वाटलें. उन्हाळ्यामुळें पेटीची एक बाजू त्यानें उघडीच ठेविली होती. मध्यरात्रीं आम्ही उठलों आणि पंख्याची तार स्वतःच उपटली. सकाळीं पाहतों तों यंत्र बंद, चित्र अर्धवट. दहा वाजेपर्यंत पाठवावयाचें काम गेलें नाहीं, आणि तें गिऱ्हाईकही गेलें. यंत्र शाबूत राहिलें हेंच नशीब. मुलगा एक शब्दही बोलला नाहीं. त्यानें दोन शब्द सुनावले असते तर बरें वाटलें असतें.

वहिनींना हें कळलें तेव्हां त्या म्हणाल्या, “भावजी, एवढें कशाला केलेंत? एकसारख्या आवाजाचें मला कांहींच नाहीं. कौलांवर रात्रभर पाऊस पडतो तेव्हां मी गाढ झोंपतें. पण हा मध्येंच ओरडतो, गप्प होतो, पुन्हां ओरडतो. डोळा लागला कीं दचकून जाग येते.” चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या आम्हांस जें सुचलें नाहीं, तें या माउलीनें एका वाक्यांत सांगितलें. रोग आवाजाचा नव्हता. आवाजाच्या चढउताराचा होता.

मग आम्हीं पुतण्याजवळ बसून हें प्रकरण विद्यार्थ्याप्रमाणें समजून घेतलें. गणना आणि उष्णता यांची सोबत जुनीच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हें यंत्र पूर्ण झालें, त्यांत सुमारें २७०० निर्वात नलिका तापत असत. पुढें यंत्रें लहान झालीं, पण ऊब सुटली नाहीं. १९८९ सालीं निघालेले ४८६ जातीचे प्रोसेसर बहुधा पंख्यावांचून चालत. १९९३ च्या पेंटियमपासून पंखा नित्याचा झाला. आजचा साधा प्रोसेसरही ६५ वॅटच्या हिशेबाचा असतो, आणि भार पडला कीं कित्येक शंभरांवर जातात. म्हणजे जुन्या काळच्या ६० वॅटच्या दिव्याहून अधिक उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंत! ती धातूच्या पातळ पत्र्यांत पसरावयाची आणि पंख्यानें उडवून लावावयाची. तें न झालें, तर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करितो, आणि तरीही ताप वाढला तर जीव वाचविण्यासाठीं बंद पडतो. आमच्या हातून त्या रात्रीं घडलें तें हेंच.

आतां एक त्रैराशिक. पंखा कितीही चांगला असला तरी प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोली २५ अंशांवर असतां प्रोसेसर ७० वर राहत असेल, तर अंतर ४५ चें. तीच खोली वैशाखांत ४० वर गेली कीं, तेवढ्याच कामाला तो ८५ वर जाणार. म्हणून थंड प्रदेशांत बसून लिहिलेले उपदेश गोंदिया जिल्ह्यांत जसेच्या तसे चालत नाहींत.

एका रविवारीं वीज तोडून आम्हीं काम आरंभिलें. पहिली गोष्ट धुळीची. पंख्याचें पातें बोटानें धरून मऊ कुंचल्यानें पत्र्यांमधील धूळ काढली. पातें धरावयाचें अशासाठीं कीं, जोराच्या हवेनें तें भलतेंच फिरूं नये. दुसरी गोष्ट लेपाची. प्रोसेसर आणि धातू यांमधील उष्णतावाहक लेप वाळून पापुद्रा झाला होता. तो स्पिरिटनें पुसून नवा लावला; प्रमाण तांदळाच्या एका दाण्याएवढें. भाताच्या मुलखांत हें माप कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

तिसरी गोष्ट आकाराची. ९२ मिलिमीटरचा पंखा होता, तेथें नवा धातूचा सांगाडा घेऊन १२० मिलिमीटरचा बसविला. त्याच घडणीचा मोठा पंखा त्याच वेगानें सव्वादोन पट हवा लोटतो. म्हणून तो सावकाश फिरला तरी चालतो. आणि सावकाशपणाचें फळ मोठें आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारें १५ डेसिबेलनें उतरतो. १० डेसिबेल उतरले तरी कानास तो निम्मा वाटतो.

चौथी गोष्ट वहिनींच्या वाक्याची. चार तारांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड ठरवितो. एक चित्र संपून दुसरें सुरू होतांना ताप क्षणांत दहा-पंधरा अंश खालींवर होतो, आणि पंखा त्याच्यामागें धांवतो. पुतण्यानें मदरबोर्डाच्या मूळ मांडणींत जाऊन सांगितलें कीं, ७५ अंशांपर्यंत वेग एकच ठेव, आणि पुढें वाढवावयाचा तर कांहीं सेकंद थांबून, हळूं हळूं वाढव. ओरडणें त्याच रात्रीं थांबलें.

तरीही एक गुंजारव उरला. पेटीच्या मागचा पंखा आणि हा नवा, दोघांचे वेग जवळजवळ सारखे. सात पात्यांचा पंखा मिनिटास १२०० फेरे घेतो तेव्हां सेकंदास १४० आघात होतात; शेजारचा १२३० फेऱ्यांचा असेल तर साडेत्रेचाळीस अधिक शंभर. हे दोन स्वर मिसळले कीं सेकंदास तीन-चार लाटा उठतात, न जुळलेल्या तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. मागचा पंखा बराच मंद केला आणि लाटा गेल्या. शेवटीं पेटी भिंतीपासून हातभर दूर ओढून जाड रबराच्या तुकड्यांवर ठेविली, म्हणजे कंप भिंतींत उतरेनात.

आस्ट्रियांतील एका प्रसिद्ध पंखेवाल्या कंपनीचें नांव ‘नॉक्टुआ’ आहे. लॅटिन भाषेंत तें एका लहान घुबडाचें नांव. घुबडाच्या पिसांची कड दांतेरी व झालरीसारखी असते, म्हणून त्याचें उडणें ऐकूं येत नाहीं. लक्ष्मीचें वाहन आवाज न करितां येतें, ही कल्पना आम्हांस तेव्हां फार अर्थपूर्ण वाटली. घरीं लक्ष्मी आणणारें यंत्रही तसेंच असावें.

आतां यंत्र चालू आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्याच्या दिव्याकडे पाहावें लागतें. भर कामांत ताप ८३ अंशांवर स्थिर राहतो. वहिनी पहांटेपर्यंत झोंपतात. पुतण्याचें पुढलें काम वेळेवर गेलें. आम्हीं त्याच्याजवळ आमची चूक कबूल केली, तेव्हां “असूं द्या, काका” म्हणून त्यानें पायांवर डोकें ठेविलें, आणि आम्हांसच अधिक लाज वाटली.

असो. घरांत कोणाच्या कामाचा त्रास होऊं लागला, तर तें काम बंद करावयास सांगण्यापूर्वीं दोघांस विचारावें: ज्यास त्रास होतो त्यास, कीं नेमका कशाचा, आणि जो काम करितो त्यास, कीं तें कसें चालतें. आम्हीं हे दोन प्रश्न विचारले असते, तर त्या रात्रीं तार उपटावी लागली नसती.