एका कारकुनाची चरित्रे

आपल्या हुपरीजवळच्या माणगावात मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचा पुढारी म्हणून जाहीर गौरव केला. या दोघांचीही चरित्रे लिहिणारे धनंजय कीर मूळचे रत्नागिरीचे. मुंबई महापालिकेत कारकुनी करीत त्यांनी बाबासाहेबांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९५४ साली निघाले तेव्हा बाबासाहेब हयात होते. पुढे महात्मा फुले आणि शाहू महाराजही त्यांनी लिहिले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मीही कारकूनच. म्हणून सांगतो, दिवसभर चांदीकाम करून दमलेल्या घरातही रात्री चार पाने मोठ्याने वाचता येतात. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या चळवळीच्या आठवणी मुलांनी वहीत उतरवाव्यात. माणूस गेला की न लिहिलेले सारे त्याच्याबरोबरच जाते.