नस चिकटते कशी?

केळझरच्या शिवारात सोयाबीन सोंगताना माणूस कंबरेतून वाकतो, तेव्हा पायाकडे जाणारी नस मणक्याच्या आत काही मिलिमीटर सरकते. नसेभोवती चरबीचा निसरडा थर असतो, म्हणून हे सरकणं आपल्या गावीही नसतं.

दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली, की इथला माणूस सेवाग्राम नाहीतर सावंगीचं रुग्णालय गाठतो. सर्जन पाठीचे स्नायू बाजूला करतात, मणक्याच्या कमानीचं थोडं हाड कोरतात आणि गादीचा बाहेर आलेला तुकडा काढतात. पायातली कळ बहुतेकांची थांबते. पण कोरलेल्या जागी एक उघडी खिडकी राहते, तिथे थोडं रक्त साचतं आणि शरीर लगेच डागडुजीला लागतं. गुठळीत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी शिरतात आणि कोलॅजेन तयार करतात. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पेडांची वेणी. तिची रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. विळ्यानं बोट कापलं तर हीच वेणी जखम सांधते. मणक्यात मात्र ती स्नायूपासून थेट नसेच्या आवरणापर्यंत पोचते, आणि सरकणारी नस जागीच खिळते.

कोलॅजेनचा हा व्रण येतो कुठून? आधी संशय गादीवर होता. 1974 मध्ये ला रोका आणि मॅकनॅब यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून बोट दाखवलं ते सोलवटलेल्या पाठीच्या स्नायूकडे. मग स्नायू आणि नस यांच्यामध्ये काहीतरी आडवं घालावं, हे ओघानंच आलं. रुग्णाचीच चरबी ठेवून पाहिली. क्वचित तीच फुगून नसेवर दाब आला. 1990 च्या दशकात एक जेल मोठ्या आशेनं आलं आणि काही वर्षांत बाजारातून गेलंही. हमखास उपाय अजून नाही.

मला थक्क करतात ते साधे उपाय. सूक्ष्मदर्शकाखाली छोटीशी वाट करायची, रक्तस्राव काटेकोर थांबवायचा, जागा सलाइननं धुवायची, नसेभोवतीची चरबी आणि पिवळा अस्थिबंध जमेल तितका राखायचा. थोडक्यात, शरीराला डागडुजीचं निमित्तच कमी द्यायचं. पुढचं काम रुग्णाचं: डॉक्टर सांगतील तेव्हापासून उठून चालायचं, आणि तंबाखूचा खर्रा सोडायचा, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखम भरणं रेंगाळतं.

थोडाफार व्रण जवळपास प्रत्येकाच्या पाठीत होतो आणि अनेकांना तो कधी जाणवतही नाही. कळ परतलीच तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन एमआरआय काढतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे तो चमकतो; पुन्हा सरकलेल्या गादीचा तुकडा मधोमध काळाच राहतो. हा फरक महत्त्वाचा, कारण तुकडा काढता येतो. व्रण काढायला पाठ पुन्हा उघडली तर त्या जागी नवा व्रण धरतो, म्हणून नुसत्या व्रणासाठी दुसरं ऑपरेशन करायला सर्जन सहसा राजी नसतात.