एब्रोची लढाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पेनच्या यादवी युद्धातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत रक्तरंजित लढाई एब्रो नदीच्या परिसरात २५ जुलै ते १६ नोव्हेंबर १९३८ या काळात झाली. तीत बंडखोर जनरल फ्रँकोकडून प्रजासत्ताकाचा पराभव झाला, म्हणून नदी ओलांडण्याचा बेतच फसला असे अनेकदा मानले जाते. प्रत्यक्षात या लढाईतला सर्वांत यशस्वी भाग तोच होता. मध्यरात्रीनंतर प्रजासत्ताकाचा सेनानी हुआन मोदेस्तो याच्या सैन्याच्या पहिल्या तुकड्या होड्यांतून पलीकडे उतरल्या. फ्रँकोचे सैन्य बेसावध सापडले आणि हल्लेखोर गांदेसा गावाच्या वेशीपर्यंत पोहोचले. घात झाला तो त्यानंतर. तोफा आणि रणगाडे नेण्यासाठी बांधलेले पूल विमाने पुन्हा पुन्हा फोडत होती. शिवाय फ्रँकोच्या बाजूने धरणांचे दरवाजे उघडून नदीला पूर आणला गेला. प्रजासत्ताकाची स्वतःची विमाने पहिले काही दिवस फिरकलीच नाहीत. गांदेसा अखेरपर्यंत हाती आले नाही.

नावामुळे ही लढाई नदीकाठी झाली असे वाटते. खरा संहार मात्र पांदोल्स आणि काबाल्स या उघड्याबोडक्या डोंगरांवर झाला. तिथल्या खडकात खंदक खणता येत नव्हते आणि गोळा फुटला की उडणाऱ्या कपच्याही जीव घेत.

ही मोहीम म्हणजे निव्वळ अविचार होता, हा आरोप तर अन्यायाचाच आहे. एप्रिलमध्ये फ्रँकोने भूमध्य समुद्र गाठून प्रजासत्ताकाच्या मुलखाचे दोन तुकडे केले होते आणि आता त्याचा रोख व्हॅलेन्सियावर होता. तो हल्ला थोपवण्याचा तातडीचा हेतू साधला. युरोपात युद्ध पेटेपर्यंत तग धरायचा, हा पंतप्रधान हुआन नेग्रिनचा दुसरा हिशेब. हिटलरशी तडजोड करून युद्ध टाळणाऱ्या ३० सप्टेंबरच्या म्युनिक कराराने तो उधळला. महायुद्ध वर्षभर आधी पेटले असते तर उपयोगाचे होते; ते पेटले सप्टेंबर १९३९ मध्ये, पण तोवर प्रजासत्ताक उरले नव्हते.

परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेड्स शेवटपर्यंत लढल्या, हेही खरे नाही. त्यांची माघार नेग्रिनने २१ सप्टेंबरलाच जाहीर केली. पुढचे आठ आठवडे स्पॅनिश सैनिकांनीच झुंज दिली. त्यांत सतरा-अठरा वर्षांची मुलेही होती. या ब्रिगेड्समध्ये गेलेले नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार लढाई सुरू होण्यापूर्वीच फ्रँकोच्या कैदेत पडले होते.

१६ नोव्हेंबरच्या पहाटे उरलेल्या तुकड्या नदीपार परतल्या. २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना पडले.