इटलींतील अनोळखी खाणावळ

परक्या देशांत गेलेल्या प्रवाशाला तेथील देवळें, राजवाडे आणि चित्रशाळा यांची माहिती पुस्तकांतून आगाऊ मिळवितां येते. परंतु भुकेची वेळ झाली म्हणजे कोणत्या दारांतून आंत शिरावें, हा प्रश्न त्याला जागच्या जागीं सोडवावा लागतो. रोममधील कोलोसियम किंवा व्हेनिसमधील सान मार्कोचा चौक पाहून थकलेला मनुष्य बहुधा समोर दिसेल त्या पहिल्या उपाहारगृहांत जाऊन बसतो. दारांत उभा असलेला माणूस त्याला इंग्रजींत हांक मारतो, पदार्थांचीं रंगीत छायाचित्रें पुढें करतो, आणि तासाभरानें पाहुणा बाहेर पडतो तो खिसा हलका व मन खट्टू करून. त्याच वेळीं दोन गल्ल्या पलीकडे त्या शहरांतील कारकून, गवंडी आणि शिक्षक एका साध्या खोलींत बसून ताजें अन्न समाधानानें जेवीत असतात. तेथें शिरण्याचें धैर्य मात्र प्रवाशाला होत नाहीं. भाषा येत नाहीं, काय पानांत पडेल तें ठाऊक नाहीं, आणि आपण फसविले जाऊं अशी धास्ती मनांत घर करून असते.

वस्तुतः अशा खाणावळीची निवड म्हणजे सोडत नव्हे. तिचीं कांहीं बाह्य लक्षणें आहेत आणि तिचे कांहीं रिवाज आहेत. तीं लक्षणें ज्याला ओळखतां येतात आणि ते रिवाज जो मानतो, त्याला इटलींत क्वचितच वाईट जेवावें लागतें.

अनोळखी अन्नाविषयींची ही धास्ती खुद्द इटालियन माणसालाही चुकलेली नाहीं. पेल्लेग्रीनो आर्तूझी या गृहस्थानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेला पाकशास्त्रावरील ग्रंथ इटलींत घरोघर आदरानें वापरला गेला. त्यांत मिनेस्त्रोने या भाज्यांच्या दाट सारासंबंधीं लिहितांना त्यानें स्वतःची एक हकीकत दिली आहे. १८५५ सालीं तो लिव्होर्नो या बंदरांत गेला असतां एका खाणावळींत शिरला व तेथें मिनेस्त्रोने जेवला. रात्रीं त्याच्या पोटांत भयंकर कालवाकालव सुरू झाली. सारा दोष त्यानें त्या साराच्या माथीं मारला आणि दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें फ्लॉरेन्स गांठलें. तेथें वार्ता आली, की लिव्होर्नोंत पटकीची सांथ उद्भवली असून ज्या घरीं तो उतरला होता त्या घराचा मालकच तिचा पहिला बळी ठरला आहे. बिचाऱ्या खाणावळवाल्याचा कांहींएक अपराध नव्हता! आर्तूझीनें पुढें त्याच साराची कृति सुधारून आपल्या ग्रंथांत मानानें नोंदविली.

आतां खाणावळ ओळखावी कशी? प्रथम तिच्या दारावरील पाटी पाहावी. रिस्तोरान्ते म्हणजे पांढऱ्या चादरींचें, औपचारिक भोजनगृह. त्रात्तोरिया ही बहुधा एखाद्या कुटुंबानें चालविलेली घरगुती खाणावळ. ओस्तेरिया म्हणजे मुळांत मद्यगृह. तेथें यजमान द्राक्षासव देई आणि गिऱ्हाईक आपली शिदोरी घेऊन येई. बोलोन्या शहरांत १४६५ पासूनची परंपरा सांगणारी ओस्तेरिया देल सोले ही जागा अजून त्याच पद्धतीनें चालते. मात्र आजकाल हीं नांवें एकमेकांत मिसळलीं आहेत, आणि ओस्तेरिया म्हणविणारें एखादें गृह अतिशय महागही असूं शकतें. तेव्हां पाटी हें पहिलें लक्षण खरें, पण निर्णायक नव्हे.

दुसरें लक्षण म्हणजे वेळ. इटलींत दुपारचें जेवण साधारणतः साडेबारा ते अडीच आणि रात्रींचें साडेसातनंतर असतें. नेपल्स, सिसिली या दक्षिण भागांत तें आणखी उशिरां होतें. चांगली खाणावळ मधल्या काळांत चूल बंद ठेवते, आठवड्यांतून एक दिवस सुटी घेते आणि ऑगस्ट महिन्यांत पुष्कळदां कुलूप लावून गांवीं जाते. दुपारीं चार वाजतां जेथें पूर्ण जेवण मिळतें, तें स्थळ बहुधा परक्यांसाठींच मांडलेलें असतें. उलट दुपारीं एक वाजतां स्थानिक लोकांनीं भरलेली, गोंगाटाची खोली दिसली तर बाहेर थोडें थांबावें लागलें तरी थांबणें हिताचें.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें लक्षण म्हणजे पदार्थांची यादी. तिच्यांतील दर बाहेरून दिसतील असे लावणें इटलींत बंधनकारक आहे. म्हणून आंत पाऊल टाकण्यापूर्वींच ती वाचून घ्यावी. यादी लहान असेल, हातानें किंवा फळ्यावर लिहिलेली असेल आणि रोज बदलत असेल, तर पदार्थ त्या दिवशींच्या बाजारावरून ठरले आहेत असें समजावें. शंभर पदार्थ सहा भाषांत छापलेले दिसले, तर त्यांतील बरेचसे थंड पेटींतून येणार हें उघड आहे. गोठविलेल्या जिन्नसांपुढें चांदणीची खूण करून तळाशीं खुलासा द्यावा, असा तेथील दंडक आहे. ती खूणही शोधून पाहावी.

यादींत त्या गांवचे पदार्थ आहेत कीं साऱ्या देशाचे, हेंही पाहण्यासारखें असतें. इटली १८६१ सालीं एक राज्य झाली, पण तिची स्वयंपाकघरें आजही निरनिराळींच आहेत. बोलोन्यांत मांसाच्या रस्शाबरोबर, म्हणजे रागूबरोबर, तालियातेल्ले नांवाच्या अंड्याच्या चपट्या शेवया खातात, स्पागेत्ती नव्हे. शिजल्यावर या शेवयेची रुंदी ८ मिलिमीटर असावी, अशी नोंदच १९७२ सालीं तेथील व्यापारी मंडळांत करण्यांत आली. फ्लॉरेन्समध्यें पाव मिठाशिवाय भाजतात, तो बिघडलेला असतो असें नव्हे. रोममध्यें गुरुवारीं न्योक्की म्हणजे बटाट्याचे लहान गोळे, शुक्रवारीं मासे आणि शनिवारीं आंतड्यांचा पदार्थ, असा जुना परिपाठ आहे. तेथील तेस्ताच्चो भागांत १९७५ पर्यंत मोठा कत्तलखाना होता. उत्तम मांस श्रीमंतांकडे जाई आणि उरलेले अवयव कामगारांच्या वांट्यास येत. त्या अवयवांपासून बनलेले पदार्थ आज रोमचें भूषण मानले जातात. अशा रीतीनें गांवचा इतिहास गांवच्या पानांत उतरलेला असतो. म्हणून व्हेनिसमध्यें नेपल्सचा आणि नेपल्समध्यें मिलानचा पदार्थ मागूं नये.

आंत शिरल्यावर प्रथम यजमानाला नमस्कार करावा. दिवसा ‘ब्वोन जोर्नो’ आणि संध्याकाळीं ‘ब्वोना सेरा’ एवढे दोन शब्द पुरतात. जागा दाखविली जाईपर्यंत उभें राहावें. आपण होऊन खुर्ची ओढून बसणें तेथें उद्धटपणाचें वाटतें. जेवणाचा क्रम ठरलेला असतो. आंतिपास्तो म्हणजे तोंडीं लावणें; प्रीमो म्हणजे शेवया, भात किंवा सार; सेकोन्दो म्हणजे मांस वा मासा; कोन्तोर्नो म्हणजे भाजी आणि दोल्चे म्हणजे गोड पदार्थ. हें सर्व खाल्लेंच पाहिजे असें बंधन नाहीं. एक प्रीमो आणि एक भाजी मागणाऱ्याकडे कोणी तुच्छतेनें पाहत नाहीं. मात्र सर्व पदार्थ एकाच वेळीं ताटांत वाढण्याचा आग्रह धरूं नये, आणि माशांच्या शेवयांवर किसलेलें चीज मागूं नये. काय घ्यावें तें सुचत नसेल, तर वाढप्याला आजचा पदार्थ कोणता असें विचारावें. या एका प्रश्नानें पुष्कळदां गिऱ्हाईकाचा पाहुणा होतो.

फसवणुकीची जी भीति असते, तिचें मूळ पुष्कळ अंशीं बिलाच्या अज्ञानांत आहे. न मागतां पाव येतो आणि शेवटीं माणशीं एक ते तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लावले जातात. ही लबाडी नसून बैठकीचा जुना आकार आहे व तो यादींत लिहिलेला असतो. रोम ज्यांत मोडतें त्या लात्सियो प्रांतानें २००६ च्या कायद्यानें हा आकार बंद केला; तेथें पावाचे पैसे मात्र घेतां येतात. खरा सांपळा निराळाच आहे. मासे आणि फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध गोमांसाचा तुकडा हे वजनावर विकले जातात, आणि माशांचा दर पुष्कळदां ‘एत्तो’ला, म्हणजे १०० ग्रॅमला, लिहिलेला असतो. यादींत ६ युरो वाचून मागविलेला मासा ६०० ग्रॅमचा निघाला, तर बिल ३६ युरोंचें होतें. म्हणून शिजविण्यापूर्वीं वजन विचारावें. प्रामाणिक यजमान मासा आणून दाखवितो. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाहीं. पाहुण्याला उठविणें तेथें असभ्य मानतात, म्हणून ‘इल कोन्तो’ असें आपणच म्हणावें लागतें.

शाकाहारी कुटुंबांतील प्रवाशापुढें आणखी एक अडचण असते, आणि ती पैशांपेक्षां मोठी आहे. ‘मांस नको’ एवढें सांगून तिचें निवारण होत नाहीं. कारण डुकराच्या चरबीचे तुकडे किंवा मांसाचें पाणी यांना पुष्कळ स्वयंपाकी मांस न समजतां फोडणीसारखे समजतात. मिनेस्त्रोनेंत तीं असूं शकतात. मिलानच्या केशरी भातांत परंपरेनें बैलाच्या हाडांतील मगज पडतो. रोमान्यांतील पोळीसारख्या पियादिनेंत चरबीचें मोहन असतें. पार्मिजानो रेज्जानो हें चीज तर वासराच्या जठरांतील विरजणानेंच लावावें लागतें, असा त्याचा नियम आहे. तेव्हां कडक शाकाहार पाळणाऱ्यानें तेंही टाळावें. तथापि उपाशी राहण्याचें कारण नाहीं. नेपल्सच्या मारिनारा पिझ्झ्यांत टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेंच असतें. पुल्या प्रांतांत वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचा घोटलेला गोळा कडवट पालेभाजीबरोबर वाढतात. वरणभाजीवर वाढलेल्या मराठी जिभेला तो परका वाटत नाहीं. मांस, मासे, चरबी आणि मांसाचें पाणी या चारही वस्तूंचा नकार कागदावर इटालियनमध्यें लिहून नेला, तर स्वयंपाकघरांतून बहुधा सरळ उत्तर येतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १९८६ सालीं रोमच्या स्पेन चौकांत अमेरिकन धर्तीचें झटपट उपाहारगृह निघालें, तेव्हां कार्लो पेत्रीनी आणि त्याचे सहकारी यांनीं विरोध केला. त्यांतूनच स्लो फूड ही चळवळ उभी राहिली. तिनें १९९० पासून साध्या ओस्तेरियांची मार्गदर्शिका काढण्यास आरंभ केला. पुढें डिसेंबर २०२५ मध्यें दिल्लींत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकींत इटालियन पाककलेला मानवी वारशाच्या यादींत स्थान मिळालें. परंतु यादींत नांव नोंदवून चूल पेटती राहत नाहीं. प्रसिद्ध स्थळांभोंवतालचीं भाडीं वाढत जातात आणि परक्यांच्या पैशावर चालणारीं छायाचित्रांचीं उपाहारगृहें जुन्या खाणावळींची जागा घेतात. दोन गल्ल्या चालून जाणारा, यादी वाचणारा आणि त्या घरच्या क्रमानें जेवणारा प्रवासी स्वतः नीट जेवतोच. शिवाय त्याचे पैसे ज्या चुलीवर खरोखर स्वयंपाक होतो तिच्यापाशीं पोंचतात.