महर्षी कर्वे यांचे निधिसंकलन

महर्षी कर्वे यांचे निधिसंकलन म्हणजे धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२) आणि त्यांचे सहकारी यांनी हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम, महिला विद्यालय, महिला विद्यापीठ व पुढे खेड्यांतील प्राथमिक शाळा यांच्यासाठी लोकांकडून वर्गण्या व देणग्या मिळवण्याचे केलेले दीर्घकालीन कार्य होय. या कार्याचा आरंभ पुण्यातील घरोघरच्या फेऱ्यांनी झाला आणि त्याचा विस्तार युरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका येथपर्यंत पोहोचला. यांतील विद्यापीठाला स्थापनेनंतर सुमारे पस्तीस वर्षे सरकारी मान्यता नव्हती. त्या काळात ते चालू राहणे किंवा बंद पडणे सर्वस्वी लोकांच्या पैशावर अवलंबून होते.

मुरूड फंड

कर्वे यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली गणित विषय घेऊन पदवी मिळवल्यानंतर ते तेथेच शिकवण्या व शाळांतील नोकऱ्या करीत होते. त्या काळात गावाबाहेर नोकरीधंद्यासाठी गेलेल्या मुरूडकरांकडून वर्गणी घेऊन गावाच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी 'मुरूड फंड' सुरू केला. रक्कम लहान, पण नियमित, देणारा ओळखीचा, आणि हिशेब सर्वांसमोर, अशी त्याची रीत होती. पुढील सर्व संस्थांच्या वर्गणीमागे ही रीत दिसते.

प्रथम पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण 'बाया' या नावाने अधिक ओळखल्या जातात. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला त्याच गावात त्यांना आपल्या घरी उतरणे अशक्य झाले. सुधारणेच्या कार्यात पैसा मागणाऱ्याची सामाजिक पत आधी तपासली जाते, याचा हा पहिला अनुभव होता.

अनाथ बालिकाश्रम

१८९१ पासून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. विधवांच्या शिक्षणासाठी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. प्रसिद्ध प्राच्यविद्या पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मंडळीचे अध्यक्ष होते. कर्वे यांनी स्वतःची शिल्लक संस्थेला देऊन आरंभ केला. 'आधी स्वतः द्यावे, मग दुसऱ्याकडे मागावे' असा क्रम त्यांनी पुढेही पाळला.

आश्रम प्रथम पुणे शहरात होता. प्लेगच्या साथीमुळे व शहरातील विरोधामुळे जागा बदलणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. हिंगणे तेव्हा गावाबाहेरचे माळरान होते. महाविद्यालयातील तास संपल्यावर कर्वे रोज पायी आश्रमात जात. वाटेत ओळखीच्या घरी थांबून वर्गणी मागणे आणि आश्रमाला लागणारे सामान बरोबर नेणे हा त्यांचा नित्यक्रम होता. महाविद्यालयाच्या सुट्ट्यांत ते निधीसाठी परगावी जात.

या काळातील सर्वांत अवघड प्रश्न पैशाइतकाच धोरणाचाही होता. कर्वे यांनी स्वतः पुनर्विवाह केला होता आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळीचे ते संस्थापक होते. त्यामुळे आश्रमात मुलगी पाठवणे म्हणजे तिचा पुनर्विवाह होऊ देणे, असा समज सनातनी घरांत पसरण्याचा धोका होता. तसे झाले असते तर विद्यार्थिनीही आल्या नसत्या आणि वर्गणीही मिळाली नसती. म्हणून आश्रमाचे काम केवळ शिक्षणापुरते राहील आणि विवाहाच्या चळवळीशी त्याचा संबंध नसेल, असे त्यांनी जाहीरपणे ठरवले. मध्यममार्गी व परंपरानिष्ठ देणगीदार यामुळे जवळ आले. कडव्या सुधारकांनी मात्र ही माघार असल्याची टीका केली. टीका अगदीच निराधार नव्हती. तथापि ज्या घरांतून विधवा मुली यायच्या होत्या ती घरे बहुतांशी सुधारकांची नव्हती, हेही तितकेच खरे होते.

१९०७ साली अविवाहित व विवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. संस्थांना आजन्म वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी १९०८ साली निष्काम कर्ममठाची स्थापना झाली. अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या या कार्यकर्त्यांचे श्रम ही संस्थेला मिळालेली मोठी देणगीच होती, पण ती जमाखर्चात रकमेच्या रूपाने कोठेही दिसत नाही.

पार्वतीबाई आठवले

निधिसंकलनात कर्वे यांच्या खालोखाल नाव घ्यावे लागते ते पार्वतीबाई आठवले यांचे. या बायांच्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आल्यावर त्या आश्रमात आल्या आणि तेथे शिकून आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. गावोगाव फिरून व्याख्याने देणे, स्त्रियांच्या बैठका घेणे आणि वर्गणी गोळा करणे हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. केशवपन केलेली, लाल आलवणातील विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्यच त्या काळी लोकांना थांबवणारे होते. काही वर्षांनी त्यांनी केशवपनाची रूढी स्वतः सोडून दिली, तेव्हा त्यांना निंदाही सोसावी लागली.

इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी मदत मिळवण्यासाठी पार्वतीबाई १९१८ साली अमेरिकेला गेल्या. भाषा अपुरी, जवळ पैसा थोडा. अशा स्थितीत त्यांनी तेथे घरकामाची नोकरी करून दिवस काढले व १९२० मध्ये त्या परतल्या. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्राचा पुढे इंग्रजी अनुवादही झाला. मराठी स्त्रीने शैक्षणिक संस्थेसाठी परदेशात जाऊन निधी मागण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या प्रवासाची गणना करावी लागेल.

भाऊबीज निधी

हिंगण्याच्या संस्थेने रुजवलेला निधिसंकलनाचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीत बहीण भावाला ओवाळते आणि भाऊ तबकात ओवाळणी घालतो. याच प्रथेचा आधार घेऊन, संस्थेत शिकणाऱ्या मुली या समाजाच्या बहिणी आहेत व त्यांच्यासाठीही ओवाळणी बाजूला काढावी, असे आवाहन करण्यात येऊ लागले. संस्थेचे कार्यकर्ते आणि स्वयंसेवक दिवाळीच्या सुमारास पावतीपुस्तके घेऊन परिचितांच्या घरी जातात. जमलेली रक्कम गरजू विद्यार्थिनींच्या शिक्षणासाठी वापरली जाते. ही पद्धत आजही चालू आहे.

या योजनेत देणारा उपकारकर्ता राहत नाही, तो भाऊ होतो. आणि घेणारीचा मानही राखला जातो. शिवाय ओवाळणीची रक्कम ऐपतीप्रमाणे असते, त्यामुळे कमी देणाऱ्याला संकोच वाटत नाही. वर्षातून एकदा ठरलेल्या वेळी येणारा सण असल्याने वर्गणीची आठवण वेगळी द्यावी लागत नाही.

महिला विद्यापीठ आणि वर्गणीदार

१९१५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. त्या धर्तीवर भारतातही विद्यापीठ असावे, अशी कल्पना त्यांनी या परिषदेत मांडली. जून १९१६ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी पाच विद्यार्थिनींनिशी महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा आवश्यक विषय, आणि पदव्यांची नावे 'गृहीतागमा' व 'प्रदेयागमा', असे त्याचे स्वरूप होते.

सरकारी मान्यता नसल्यामुळे या पदव्यांना सरकारी नोकरीत किंमत नव्हती. त्यामुळे विद्यार्थिनींची संख्या मर्यादित, शुल्काचे उत्पन्न तोकडे आणि सरकारी अनुदान नाही, अशी तिहेरी अडचण होती. विद्यापीठाच्या घटनेने यातून एक वेगळा मार्ग काढला. वार्षिक वर्गणी देणाऱ्यांना मतदार मानून त्यांच्याकडून कार्यकारिणीच्या वरच्या मंडळाचे सदस्य निवडले जात. म्हणजे वर्गणी भरणारा केवळ दाता नसून विद्यापीठाच्या कारभारात मत असलेला घटक होता. महात्मा गांधी यांना इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती, तरीही त्यांनी वार्षिक दहा रुपयांची वर्गणी देण्याचे मान्य केले. रक्कम लहान असली तरी मतभेद नोंदवून दिलेली ही वर्गणी या पद्धतीचे स्वरूप चांगले स्पष्ट करते.

ठाकरसी देणगी

मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिले होते. १९२० साली त्यांनी कर्वे यांच्या विद्यापीठासाठी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिच्या साडेतीन टक्के व्याजातून वर्षाला ५२,५०० रुपये मिळणार होते. पै-पैशाने चाललेल्या संस्थेला ही रक्कम प्रचंड होती. देणगीदाराच्या मातोश्रींवरून विद्यापीठाचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. त्याचेच पुढे 'एसएनडीटी' हे संक्षिप्त रूप रूढ झाले.

देणगीला अटी होत्या. १९२२ साली विठ्ठलदास यांचे निधन झाले. पुढे १९३० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात अटींच्या पूर्ततेवरून त्यांचे विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन वार्षिक रक्कम काही काळ थांबली. विद्यापीठाचा जो खर्च एका स्रोतावर विसंबला होता तो एकाएकी उघडा पडला. अखेर तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईला गेले. शेकडो वर्गणीदारांपैकी काहींनी हात आखडता घेतला तर संस्था तग धरू शकत होती. एकच मोठा दाता थांबल्यावर तसे झाले नाही. मात्र या देणगीवाचून विद्यापीठ १९२० नंतर कितपत टिकले असते, याविषयीही शंका घेण्यास जागा आहे.

परदेश दौरे

वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ साली, कर्वे युरोपला गेले. इंग्लंडमधील सभा, जिनिव्हा येथील शिक्षण परिषद आणि डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे भरलेली नवशिक्षणाची परिषद यांत त्यांनी भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाची माहिती दिली. बर्लिनमध्ये त्यांची आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. तेथून अमेरिका व जपान करून ते १९३० साली परतले. ज्या जपानी संस्थेच्या पुस्तिकेवरून विद्यापीठाची कल्पना सुचली होती तीही त्यांनी या प्रवासात पाहिली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आफ्रिकेस निघाले आणि सुमारे पंधरा महिने केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका येथे फिरले. त्यांचे पुत्र शंकर कर्वे मोंबासा येथे डॉक्टर होते, त्यामुळे तेथील भारतीय वस्तीत त्यांना प्रवेश सुलभ झाला. युरोपात श्रोते मुख्यतः शिक्षणतज्ज्ञ होते; आफ्रिकेत ते व्यापारी, कारकून व रेल्वेतील नोकरदार अशा स्थलांतरित भारतीयांपैकी होते. गाव सोडून गेलेल्यांकडून गावासाठी वर्गणी घेण्याची मुरूड फंडाची कल्पनाच येथे समुद्रापलीकडे लागू झाली, असे म्हणता येते.

समकालीन पद्धती

याच काळात महाराष्ट्रात शिक्षणासाठी पैसा उभारण्याच्या इतरही रीती होत्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला संस्थानिकांचा मोठा आश्रय मिळाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'मुष्टिफंड' रूढ केला: घरात धान्य निवडताना वा दळताना एक मूठ बाजूला काढायची आणि जमलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे. ज्या शेतकऱ्याच्या हाती रोकड क्वचितच येई त्यालाही यामुळे दाता होता आले. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात खासगी शाळांवर सरकारी परवानगीची बंधने असल्याने वर्गणीपूर्वी शाळा चालू ठेवण्याचाच प्रश्न असे. १९२१ साली निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा व १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईत केलेले शैक्षणिक कार्य याच परिस्थितीत उभे राहिले.

ग्राम प्राथमिक शिक्षण

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्वे यांनी शाळा नसलेल्या लहान खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्यांनी त्याला नियमित वर्गणी दिली आणि पुण्याच्या पेठांतून पुन्हा पायी फिरून दुकानदार व गृहस्थांकडून लहान रकमा जमवल्या. १५ लाखांच्या देणगीचे विद्यापीठ उभे केल्यानंतर ते पुन्हा आण्या-पैशांच्या वर्गणीकडे वळले होते. स्थानिक मंडळे व सरकार यांनी प्राथमिक शाळांची जबाबदारी स्वीकारल्यावर या मंडळाचे काम आटोपले. महिला विद्यापीठाला मुंबई सरकारच्या १९४९ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५८ साली कर्वे यांना भारतरत्न देण्यात आले तेव्हा विद्यापीठ मान्यताप्राप्त होऊन काही वर्षे लोटली होती.