मध्यभूमीतील असुर

महाकाव्याचा विस्तार असलेल्या अद्भुतकथांत दुष्ट पात्रांची वाण कधीच नसते. परंतु ते पात्र मुळात दुष्ट का झाले, त्याचे सामर्थ्य कोठून येते, आणि मुख्य म्हणजे ते सामर्थ्य वापरता वापरता त्या पात्राचे स्वतःचे काय होत जाते, या प्रश्नांची परस्परांशी जुळणारी उत्तरे देण्याची तसदी फार थोडे लेखक घेतात. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे अध्यापन करण्यात ज्यांची हयात गेली, ते जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) हे या थोड्यांपैकी अग्रगण्य होत. ‘द हॉबिट’ (१९३७), तीन खंडांतील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) आणि त्यांच्या पश्चात चिरंजीव क्रिस्टोफर यांनी संपादून १९७७ साली प्रसिद्ध केलेला ‘द सिल्मारिलिअन’ या ग्रंथांतून मिडल-अर्थ, म्हणजे मध्यभूमी, नावाच्या सृष्टीचा जो इतिहास उभा राहतो, त्यात राक्षस, पिशाच्चे, अजस्र कोळी, अग्निमय बॉलरॉग आणि काळ्या घोड्यांवरून हिंडणारे निष्प्राण राजे यांची गर्दी आहे. पण या सगळ्या गर्दीला एकच नियम लागू आहे, आणि तो असा की, येथे दुष्टता म्हणजे संचय नसून खर्च आहे, व जो तो खर्च करतो तो अखेरीस रिता होतो.

या नियमाचे मूळ ‘द सिल्मारिलिअन’मधील सृष्ट्युत्पत्तीच्या कथेत आहे. इलुवातार या एकमेव ईश्वराने आपल्या विचारांतून देवसदृश शक्ती निर्माण केल्या, त्यांना गायनाचा विषय दिला, आणि त्या समूहगायनातून विश्वाचा आराखडा प्रकट झाला. या शक्तींत मेल्कोर हा सर्वांत समर्थ होता. इतरांना मिळालेल्या प्रत्येक विद्येत त्याचाही वाटा होता. परंतु स्वतंत्र निर्मितीची लालसा त्याला जडली, आणि जिच्यामुळे वस्तूला खरे अस्तित्व मिळते ती अविनाशी ज्योत हुडकण्यासाठी तो एकटाच शून्यात भटकू लागला. ती त्याला सापडली नाही, कारण ती इलुवातारपाशीच होती. मग त्याने गायनात आपला बेसूर मिसळला. टॉल्कीन यांनी येथे एक मार्मिक गोष्ट केली आहे: तो बेसूर मोठा, कर्कश आणि कंटाळवाणा आहे, अनेक तुताऱ्यांनी मोजके सूर पुनःपुन्हा आळवावेत तसा, आणि त्याचे सर्वांत विजयी सूरही मूळ गायनाच्या गंभीर रचनेत सामावून घेतले जातात.

निर्मितीची उत्कंठा हेच पाप, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई कोणी करू नये म्हणून की काय, आउले नावाच्या शिल्पकार देवतेची कथा त्याच ग्रंथात आहे. आउलेनेही धीर न धरवल्याने गुपचूप खुजांची जात घडविली. इलुवातारने विचारणा करताच त्याने अपराध कबूल केला, आपली कृती त्याच्या चरणी अर्पण केली, आणि अश्रू ढाळीत ती नष्ट करण्यासाठी हातोडा उगारला. तेव्हा ते खुजे भयाने आक्रसले, कारण तोपर्यंत ईश्वराने त्यांना त्यांचे स्वतंत्र प्राण दिले होते. मेल्कोर आणि आउले यांची इच्छा जवळजवळ एकच आहे. भेद आहे तो घडविलेल्या वस्तूवर मालकी सांगण्यात. माझ्या मते टॉल्कीन यांच्या समग्र लेखनातील नीतिविचाराची किल्ली या दोन पानांत आहे, आणि तलवारींच्या खणखणाटात रमणारे वाचक नेमकी हीच दोन पाने उलटून जातात.

टॉल्कीन श्रद्धावान कॅथलिक होते. चांगले आणि वाईट ही दोन सारखीच अनादि तत्त्वे आहेत, हे प्राचीन इराणात उदय पावलेल्या मानी पंथाचे मत ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनने खोडून काढले होते, आणि वाईट हे स्वतंत्र द्रव्य नसून चांगल्याचा अभाव आहे, असे प्रतिपादले होते. सहाव्या शतकातील बोएथिअसच्या ग्रंथातही हाच विचार आहे. त्याचे प्राचीन इंग्रजी भाषांतर आल्फ्रेड राजाच्या नावावर आहे, तेव्हा टॉल्कीन यांना तो व्यवसायानेही परिचित असणार. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीच्या परीक्षणावर टिपण करताना, निखळ दुष्टता माझ्या कथेत नाही, कारण अशी वस्तू म्हणजे केवळ शून्य, असा अभिप्राय त्यांनी १९५६ च्या सुमारास नोंदविला. तथापि अभावाला कोणी भिईल कसे? सॉमच्या १९१६ च्या रणधुमाळीत खंदकांत राहिलेल्या टॉल्कीन यांच्यासारख्या माणसाला दुष्टता केवळ अभावरूप आहे, हे तर्काने पटले तरी अनुभवाने पटणे कठीण होते. टॉम शिप्पी या अभ्यासकाने दाखविल्याप्रमाणे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील सॉरॉनच्या अंगठीच्या कथेत दोन्ही मते एकाच वेळी नांदतात: अंगठी ही बाहेरून लोटणारी शक्तीही आहे, आणि धारण करणाऱ्याच्या अंतरातील दौर्बल्याची वाढही आहे. यांपैकी कोणते खरे, याचा निवाडा कथा देत नाही, आणि तिच्या भीतीचा बराचसा भाग त्या अनिर्णयातच आहे.

आता खर्चाचा मुद्दा. मेल्कोर, ज्याला पुढे मॉर्गॉथ हे नाव पडले, त्याने समग्र पृथ्वीवर आपला अंमल बसविण्यासाठी स्वतःची शक्ती मातीत, खडकांत, धातूंत, आपल्या गुलामांत आणि अजगरांत ओतली. १९९३ साली प्रकाशित झालेल्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडातील टिपणांत टॉल्कीन यांनी स्पष्टच म्हटले आहे की, मॉर्गॉथचा सेवक सॉरॉन याने जशी आपली शक्ती एका अंगठीत घातली, तशी मॉर्गॉथने ती अवघ्या भूमीत घातली. अवघी मध्यभूमी हीच त्याची अंगठी. परिणाम असा की, एके काळी पर्वत हलविणारा हा सरदार एका देहात कायमचा जखडला गेला आणि आपल्या किल्ल्याबाहेर पडेनासा झाला. फिंगॉल्फिन या एल्फ राजाने दरवाजावर येऊन द्वंद्वाचे आव्हान दिले, तेव्हा तो निव्वळ आपल्या नायकांसमोर नामुष्की होऊ नये म्हणून बाहेर आला. राजा त्या द्वंद्वात पडला. पण त्याने दिलेल्या सात जखमा बऱ्या झाल्या नाहीत आणि मॉर्गॉथ पुढे कायम लंगडत चालला. अंतिम युद्धात तो तळघराच्या तळघरात दडलेला सापडला आणि तहाची याचना करू लागला. ज्या लोखंडी मुकुटात चोरलेले सिल्मारिल मणी बसविले होते, त्याच मुकुटाचे ठोकून कडे बनवून त्याच्या गळ्यात घालण्यात आले.

सॉरॉनची गोष्ट निराळी. तो मूळचा आउलेच्याच परिवारातला, आणि त्याची पहिली आवड सुव्यवस्था ही होती. गोंधळ, दिरंगाई आणि उधळपट्टी यांचा त्याला तिटकारा असे. मॉर्गॉथला शेवटी सगळेच नष्ट करायचे होते, कारण त्याच्या स्वतःच्या फौजांतही त्याने न निर्मिलेले द्रव्य होते व तेही त्याला सहन होत नव्हते. सॉरॉनला मात्र जग हवे होते, फक्त त्याच्या हुकुमाप्रमाणे चालणारे. दोघांत अधिक भयंकर कोण, असे विचारल्यास मी सॉरॉनचे नाव घेईन, कारण त्याच्या दुष्टतेचा आरंभ आपल्यापैकी कोणत्याही कर्तव्यदक्ष कारभाऱ्याच्या मनात होऊ शकतो. सुंदर रूप घेऊन, विद्यादानाच्या मिषाने, त्याने केलेब्रिम्बोरसारख्या कुशल कारागिराला फसविले. नूमेनोर बेटावर कैदी म्हणून गेला असता थोड्याच वर्षांत राजाचा मुख्य सल्लागार झाला, आणि अमरत्वाचे आमिष दाखवून त्याने त्या राजाला देवांवर स्वारी करायला लावले. बेट समुद्रात बुडाले, सॉरॉनचा देह नष्ट झाला, आणि त्यानंतर त्याला सुंदर रूप कधीच घेता आले नाही. अंगठीत शक्ती साठविल्यामुळे ती एकवटली खरी, परंतु ज्या वस्तूत ती साठविली ती वस्तू हरवू शकते, एवढा धोका त्याने पत्करला. आणि कोणी ती हाती आल्यावर न वापरता नष्ट करील, ही कल्पना मात्र त्याला सुचलीच नाही.

आपल्या पुराणांतील रावण किंवा हिरण्यकशिपू यांच्याशी ही मंडळी ताडून पाहण्याचा मोह मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे, पण साम्य फार लांब जात नाही. आपला असुर दीर्घ तप करून वर मिळवितो, म्हणजे त्याचे सामर्थ्य अर्जित असते, आणि त्याचा नाश वरातील एखाद्या फटीतून होतो. मॉर्गॉथ तप करीत नाही. जन्मतः मिळालेले भांडवल तो उधळतो. त्याच्या जवळ जाणारे एकच पात्र मला आठवते, आणि तेही ‘द सिल्मारिलिअन’मधीलच: उंगोलिअँट, प्रकाश पिऊन अंधार ओकणारी कोळीण, जिला राज्य नको, सूड नको, फक्त खायला हवे. मॉर्गॉथशी हातमिळवणी करून तिने देवलोकाच्या दोन तेजोवृक्षांना शोषून टाकले, मग त्याच्याकडेच उरलेल्या रत्नांचा हिस्सा मागितला. त्याने नकार देताच ती त्याच्यावर उलटली, आणि त्याच्या किंकाळीने बॉलरॉग धावून आले म्हणून तो वाचला. शेवटी भुकेपोटी तिने स्वतःलाच खाल्ले असावे, अशी वदंता ग्रंथकार नोंदवितात. तिचीच संतती असलेली शीलॉब सॉरॉनच्या हद्दीवर राहते, पण त्याची चाकरी करीत नाही.

या सर्व सुसंगत रचनेत एकच गाठ टॉल्कीन यांना अखेरपर्यंत सुटली नाही, आणि ती म्हणजे ऑर्क, दुष्टशक्तीच्या फौजांतले सैनिक. दुष्टशक्तीला निर्मिती करता येत नाही, मग या हजारोंच्या फौजा आल्या कोठून? छळ करून विकृत केलेले एल्फ, ही उपपत्ती १९७७ च्या ग्रंथात छापली गेली. परंतु उत्तरकाळातील टिपणांत ते कधी माणसांपासून, कधी पशूंपासून त्यांची उत्पत्ती सुचवितात. अडचण निव्वळ वंशावळीची नव्हती. शाग्रात आणि गोर्बाग हे दोन ऑर्क नायक वरिष्ठांविषयी कुरकुर करतात, लढाई संपल्यावर चार विश्वासू सोबती घेऊन कोठेतरी स्वतंत्र लूटमार करावी असे बेत रचतात, आणि आपल्या सोबत्याला मागे टाकून जाणाऱ्याची निर्भर्त्सना करतात. ज्याला विश्वासघात समजतो तो निव्वळ यंत्र नव्हे, आणि जो यंत्र नव्हे त्याची सरसकट कत्तल करून वीरांनी जल्लोष करावा, हे श्रद्धावान लेखकाला बोचणारच. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्या क्रिस्टोफरला १९४४ साली लिहिलेल्या पत्रांत त्यांनी म्हटले होते की, प्रत्यक्ष जगात ऑर्क दोन्ही पक्षांत असतात, आणि आपण अंगठी वापरूनच सॉरॉनला जिंकू पाहत आहोत. अंगठीची कथा म्हणजे त्या युद्धाचे रूपक, ही समजूत पुढे फैलावली, तेव्हा कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ती साफ फेटाळली: तसे असते, तर अंगठी नष्ट न होता सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती, आणि त्याचा किल्ला पाडला न जाता ताब्यात घेतला गेला असता.