जीप का रुसली?

जुनी जीप घेणारा माणूस दोनदा पैसे मोजतो. एकदा मालकाला आणि मग दर महिन्याला मिस्त्रीला! यातला दुसरा हप्ता बराच कमी करता येतो. त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री नको. दोन पाने, एक बाटली आणि थोडा धीर पुरतो.

माझी जीप महिंद्राची सीजे-थ्रीबी, १९६५ची. २.२ लिटरचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन. इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. टाकीतून पेट्रोल खेचायला डायफ्रामचा पंप (गॅरेजमधला ‘एसी पंप’) आणि पुढे कार्बोरेटर. बस्स!

गेल्या दिवाळीनंतर तिने नवंच नाटक सुरू केलं. सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट. ताम्हिणीच्या चढावर मात्र वीस मिनिटांत धक्के, मिसिंग आणि बंद. थोडी गार झाली की पुन्हा सुरू. एका गॅरेजने ऐकताक्षणी निकाल दिला, ‘‘कार्बोरेटर गेला. नवा टाका, बारा हजार.’’

जुन्या गाडीत कार्बोरेटर हा सगळ्यात बदनाम पार्ट. म्हणून आधी बाकीचे संशयित तपासायचे, तेही गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असताना.

करंट : प्लगची ठिणगी आधी बघा, पेट्रोलचा पाइप नंतर उघडा. क्रम उलटा केलात तर आग लागेल.

झाकण : टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

धार : कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जोरात पेट्रोल आलं पाहिजे. बुडबुडे आले तर पंपाआधी कुठेतरी हवा घेतेय.

कार्बोरेटर : धार चांगली असेल तरच इकडे वळा. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, तर जेटमध्ये कचरा आहे किंवा खालचं गॅस्केट हवा घेतंय. काळा धूर, पेट्रोलचा वास? नीडल अडकलीय किंवा फ्लोटला भोक पडलंय. फ्लोट कानाशी हलवा, खळखळ ऐकू आली तर बदला.

माझी ठिणगी झकास, झाकण ठीक, पण धार मरतुकडी. मग पंपाला नवा पाइप लावून तो थेट पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवला. धार जोरात! म्हणजे पंपही निर्दोष. गुन्हेगार होता टाकी आणि पंपामधला जुना रबरी पाइप. बाहेरून ठणठणीत, पण गरम झाला की मऊ पडायचा आणि पंपाच्या ओढीने चपटा व्हायचा.

यामागे इथेनॉल आहे. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. साठच्या दशकातल्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या जीपच्या टाकीत तळाशी पाणी साठू शकतं.

इथेनॉलला चालणारा पाइप तीनशे रुपयांत आला. पण मुद्दा फक्त पैशांचा नाही. आज चपटा होणारा पाइप उद्या चिरला असता, तर पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं असतं. म्हणून जीप जुनी असेल तर या वीकेंडला टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप दाबून बघा, शंका आली तर बदला. आणि गाडीत अग्निशामक ठेवाच!